कोर्टात नाकारलेली सोयरीक

आम्ही हर्णैकडचे. बापाची एक होडी, आम्ही चार भाऊ, ती कुणाकुणाला पुरणार, म्हणून मी मुंबईला येऊन कंपनीच्या जहाजावर खलाशी लागलो आणि केस पिकले तरी खलाशीच राहिलो. त्याची लाज मला कधी वाटली नाय ताई. सुकाणूवर मी असलो की बंदरात, नदीत जहाजाला वाट दाखवणारे पायलट लोक खूश असायचे. लाज वाटायला लागली ती मागनं, जावई झाल्यावर.

मुलगी एकुलती एक, सुजाता. तिला स्थळ आलं ते जहाजावरच्याच मुलाचं, महेशचं, पण हा खलाशी नव्हे, सेकंड ऑफिसर. सगळा वाडा बोलला, नशीब काढलंन पोरीनं. लग्नात मी त्याचे पाय धुतले. आमच्यात एकदा जावयाचे पाय धुतले की त्याला उलट बोलायचं नाय, मग तो पोराच्या वयाचा का असेना. मुलीचा बाप, मान खाली.

आणि कर्म बघा, पुढं त्याच्याच जहाजावर मला पाठवलं. चढलो तर वर हाच उभा. बाजूला घेतलंन मला आणि हळूच बोलला, बाबा, इथं नातं सांगू नका, बरं दिसत नाही. मी बोललो, बरं साहेब. आडनावं वेगळी, कुणाला कळतंय. जेवताना पोरं त्याच्या नकला करायची, मी ताटात बघून जेवायचो. एकदा पुढचा बोया, पाण्यातली तरंगती खूण, मी आपणहून दाखवला, तर पायलटसमोर बोलला, मला दिसतोय, तू सुकाणू बघ. आता साहेब खलाशाला तू बोलणारच, त्यात काय. पण तेव्हापासून मी आपणहून बोलायचं सोडलं.

हांबुर्गला जाताना एल्ब नदीतून आत जावं लागतं, केवढाली जहाजं जातात. तुम्ही म्युनिकवाल्या, तुम्हाला नदी म्हणजे पुलावरनं बघायची. पण खलाशाला नदी आली म्हणजे मोबाइलला रेंज आली, जो तो घरी फोन लावतो. त्या दिवशी चांगलं ऊन पडलं होतं. मी सुकाणूवर, पायलट डावीकडच्या गाळ काढणाऱ्या बोटीकडं बघत वायरलेसवर बोलत होता, आणि महेशनं रडारपाशी उभं राहून पुढं बघायचं, हे त्याचं काम. तो होता मागं, नकाशाच्या टेबलापाशी. फोन लावलान. सुजाताला.

तिचं हसणं बारीक बारीक ऐकू येत होतं मला. काय सांगू तुम्हाला, किती महिन्यांनी लेकीचं हसणं कानावर पडत होतं. तेवढ्यात उजवीकडनं वाळूची बोट निघाली, ती मला दिसली. दिसली हो, नाय कशाला म्हणू. दुसरा कुठला ऑफिसर असता तर बोंब ठोकली असती. पण वाटलं, ठेवील आता फोन, बघील, नवराबायको बोलतायत तर मी सासऱ्यानं मध्ये कुठं तोंड घालायचं. शेवटी ओरडलो, पण जहाज म्हणजे रिक्षा नाय, ब्रेक मारला आणि थांबली. ती बोट आमच्या नाळेखाली, पुढच्या टोकाखाली आली आणि ती चालवणाऱ्या म्हाताऱ्या तांडेलाचा हात लोखंडात सापडला.

खटला उभा राहिला महेशवर, साक्षीला मला कंपनीनं गावावरनं आणलं. कोर्टाच्या बाहेर तो म्हातारा बायकोबरोबर बसला होता. उजवा हात मनगटापासून नाय. मला बघून बोलला, मॉइन. म्हणजे नमस्कार, इकडं सगळे असंच बोलतात, पण मला त्याच्याकडं बघवेना. मग महेश आला. मला वाटलं, विचारील कसे आहात, जेवलात का. तर बोलला, आत नातं काढू नका, कंपनीचे लोक आहेत, साहेबाचा सासरा खलाशी म्हणून हसतील. मी बोललो, बरं.

आत तर तुम्ही होतातच माझ्या शेजारी, दुभाषी म्हणून. जज्जानं खरं बोलायची ताकीद दिलीन, आणि तुम्ही मला मराठीत विचारलंत, आरोपीशी तुमचं नातं, सोयरीक काही आहे का. मी महेशकडं बघितलं. तो खिडकीबाहेर बघत होता. मी बोललो, नाय. ज्याचे पाय धुतले त्याला मी परका म्हणालो, आणि तेही चांगलं मोठ्यानं.

मग पुढचा सवाल आला, बोट दिसली तेव्हा ऑफिसर कुठं होता. महेश आधीच सांगून बसला होता, मी रडारपाशी होतो म्हणून. माझ्या समोर तो म्हातारा. एकदा खोटं बोललो होतो ताई, दुसऱ्यांदा जीभ वळेना. बोललो, मागं होता, फोनवर. कुणाशी बोलत होता? ते मला ठाऊक नाय. लेकीचं नाव तेवढं राखलं. तुम्हाला वाटलं असेल, हे काका का रडतायत.

काल निकाल लागला, महेश दोषी ठरला, कंपनीनं त्याला घरी बसवलंन. आणि मी तुम्हाला खरं नातं सांगितलं तर तुम्हीच डोक्याला हात लावलात. बोललात, अहो काका, जज्जानं म्हणूनच विचारलं होतं, सासऱ्यानं जावयाविरुद्ध साक्ष दिलीच पाहिजे असं इथं नाही, तुम्ही गप्प बसू शकला असता. घ्या. एका शब्दाचं काम होतं.

तेच आज सकाळी सुजातानं विचारलंन. तिला वकिलाकडनं कळलं. बोलली, बाबा, सासरा आहे एवढं सांगितलं असतंत तर यांची नोकरी वाचली असती, का नाय सांगितलंत, माझी लाज वाटते का तुम्हाला? आता हिला काय सांगू, तुझ्या नवऱ्याला माझी लाज वाटते? तिला त्याच घरात नांदायचं आहे. मी बोललो, विसरलो गो बाय, कोर्टात घाबरलो. तिनं फोन ठेवलान.

उद्या माझं विमान. मुंबईत तिच्याकडं उतरायचो दरवेळी, आता सरळ गावाला जाईन. तुमची म्युनिकची गाडी यायची झाली, तुम्ही हे लिहिणार म्हणता तर लिहा, पण नावं बदला, गावही बदला. चुकून तिच्या हातात पडलं तरी तिला कळता नये. बापावर रागावून राहूदे, सुखानं नांदूदे.