बरगडी लागत नाही

(हिवाळा सरत आल्याची सकाळ. तबेल्यात जाड झूल पांघरून उभी असलेली घोडी. जवळ म्हातारा मोतद्दार, त्याची सून आणि जनावरांची डॉक्टर.)

मोतद्दार : मी म्हणतो, वजनाची फीतबीत कशाला हवी? मागच्या वेळी जंताचं औषध दिलंत तेवढंच द्या आणि मोकळ्या व्हा. आमची बदामी होती तश्शीच आहे. ठणठणीत!

डॉक्टर : काका, औषध वजनावर ठरतं. त्यात ती गाभण, दहावा महिना संपत आलाय. अंदाजपंचे नाही देता येत.

मोतद्दार : अंदाज? अहो डॉक्टरबाई, चाळीस वर्षं घोड्यांत गेली माझी. रोज सकाळी झुलीखाली हात घालतो आणि बरगड्यांवरून फिरवतो. थंडीत यांचे केस असे वाढतात, की डोळ्यांना काही म्हणता काही कळत नाही. हाताला मात्र सगळं कळतं.

सून : हो हं, त्यात खोट नाही. तोंडात चहाचा घोट जायच्या आधी हे इथे हजर. खराराही स्वतःच करणार, मला हात लावू द्यायचे नाहीत. आणि इथूनच ओरडतात, ‘बरगडी लागत नाही गं, खुराक आहे तेवढाच ठेव!’ मी तेवढाच ठेवते.

डॉक्टर : बरं. ताई, फितीचं टोक तिकडून द्या जरा. पुढच्या पायांच्या मागून, झुलीखालून. हं... थांबा. परत एकदा द्या.

सून : काय झालं?

डॉक्टर : पाऊस संपला तेव्हा चारशे दहा किलो होती. आज तीनशे चाळीस येतंय.

मोतद्दार : फीत पिळली असेल.

डॉक्टर : तिसऱ्यांदा लावतेय, काका. ताई, झूल काढा.

सून : मला तर गुबगुबीतच दिसते की.

डॉक्टर : केस आहेत ते नुसते. हात घाला आत. अजून. दाबा.

सून : अगं बाई! अगं बाई गं! डॉक्टर, हे... हे सगळं हाडच लागतंय हो!

मोतद्दार : सरक बाजूला. काहीतरीच! कुठाय हाड? हे बघा, मी हात फिरवतोय ना? गुळगुळीत आहे.

सून : मामंजी, असं काय करता? बोट अडकतंय तिथे.

मोतद्दार : आणि वजन खरंच उतरलं असेल, तर गेलं कुठे? खुराक कुणाच्या हातात आहे? मी का घालतो? सांग ना, रोज पुरता घालतेस का, की आपला उरकतेस?

सून : बघा! बघा डॉक्टर! पोटच्या पोरासारखं करते मी तिचं आणि वर हे ऐकून घ्यायचं!

डॉक्टर : दोघंही गप्प बसा. काका, तुमचा हात आत्ता कुठे आहे?

मोतद्दार : बरगड्यांवर. आणखी कुठे?

डॉक्टर : बरगडी लागतेय?

मोतद्दार : नाही.

डॉक्टर : मी तुमची बोटं दोन बरगड्यांच्या मधल्या खाचेत दाबून धरली आहेत.

मोतद्दार : ...थट्टा करता काय म्हाताऱ्याची?

डॉक्टर : डोळे मिटा. हात इकडे द्या. ही कोरी सुई आहे, जरा टोचते. कळलं की सांगा.

मोतद्दार : टोचा की. सुईला कोण भितो? टोचा! टोचताय ना?

सून : अरे देवा.

मोतद्दार : काय झालं? थांबलात का?

सून : मामंजी, रक्त आलंय. दोन बोटांना.

मोतद्दार : कुणाच्या?

सून : तुमच्या हो! तुमच्याच!

डॉक्टर : कधीपासून आहे हे, काका?

मोतद्दार : काय कधीपासून? थंडीने बधिर होतात हात. सगळ्यांचेच होतात.

सून : त्या दिवशी चुलीवरचं पातेलं नुसत्या हाताने उतरवलंत. आम्ही कौतुक केलं, काय म्हाताऱ्याचा हात आहे म्हणून! भाजलेलं कळतच नसणार यांना! डॉक्टर, दोन वर्षांपूर्वी यांना साखर निघाली होती. गोळ्या संपल्या आणि परत गेलेच नाहीत.

डॉक्टर : मी जनावरांची डॉक्टर. पण साखरेने हात असे बधिर होतात. आजच्या आज माणसांच्या डॉक्टरकडे न्या, उद्यावर ढकलू नका. आता हिचं तोंड बघू. जबडा धरा, ताई. अगं आई गं... दाढांना धार आलीय नुसती. गाल आतून फाटलाय. चावता येत नाही हिला. चारा चघळून ओले गोळे टाकून देत होती का?

सून : गोळे पडायचे खाली. मी झाडून टाकायची. मला वाटलं, खेळते.

डॉक्टर : तुम्ही मला गोळे दाखवायला हवे होते. असो, दाढा आज घासून देते. खुराक भिजवून मऊ करून द्यायचा, रोज थोडा थोडा वाढवत. जंताचं औषध आजच्या वजनानेच देणार. जुना डोस दिला असता तर जास्त झाला असता.

मोतद्दार : आणि पोटातलं?

डॉक्टर : जरा शांत राहा. ऐकू द्या.

सून : देवा, सांभाळ रे बाबा.

मोतद्दार : बोला ना, डॉक्टरबाई. असेल ते सांगा. रोज सकाळी उपाशी घोडीला मी ठणठणीत म्हणत आलोय.

डॉक्टर : आहे. हललं आत्ता. अशक्त असेल, पण आहे. अजून महिना-सव्वा महिना हातात आहे.

सून : मामंजी, अहो, हे काय करताय? गाल कशाला लावताय तिला? केस जातील तोंडात.

मोतद्दार : गालाला कळतंय अजून. ही एक... ही दुसरी. ही तिसरी. बदामी, अगं किती वाळलीस गं! आणि मी मेला रोज तुझ्यावर हात फिरवून जात होतो!

सून : पुरे आता. रडू नका. तुम्हाला थोडंच माहीत होतं?

मोतद्दार : तुला बोललो मघाशी.

सून : असू दे हो.

मोतद्दार : असू दे काय? इकडे ये. उद्यापासून हात तू लावायचास. खराराही तूच कर. आत्ताच दाखवतो, ये.

सून : मला जमेल?

मोतद्दार : खांद्याच्या मागून सुरू कर. आणि डोळे मिट आधी.

सून : मिटले.

मोतद्दार : आता सांग मला, काय लागतंय?