डाव्या दाराचा पोचा

हसा, माझ्या रिमोटच्या जीपला हसा. पण तिच्यापायी माझं काय झालं ते तर ऐका.

दगडांवरून सावकाश चढणारी ही प्लास्टिकची जीप मी चार महिने खपून बनवली. आमच्या वडिलांनी, अण्णांनी, फर्दापूरला शेठची जी जीप वीस वर्षं चालवली, हुबेहूब तीच. टपावरचं कॅरिअर, मागची स्टेपनी, बंपरला टांगलेली लिंबू-मिरची, काही म्हणून सोडलं नाय.

परवा गारखेड्याच्या आमच्या गच्चीवर दगड रचले आणि अण्णांपुढं ती चढवून दाखवली. त्यांनी चष्मा लावला, जीप हातात घेऊन फिरवून फिरवून बघितली.

"लई भारी. पण डावं दार चुकलं."

"काय चुकलं?"

"इथं पोचा होता."

तो पोचा मीच पाडला होता. आठवीत असताना, अण्णा जेवायला बसलेले बघून मी जीप सुरू केली, खांबाला घासली आणि गुपचूप किल्ली खुंटीला लावली. शेठपुढं अण्णा म्हणाले, "माझ्याच हातून झालं." मला वाटलं, त्यांना खरंच तसं वाटतंय.

"विसरलो," मी म्हणालो.

"व्हय? शेठ विसरला असंल. तू कसा विसरशील?"

रागावले नाहीत. खाली गेले आणि गॅसवर चमचा तापवून घेऊन आले.

"धर," म्हणाले. "आता माझ्यासमोर पाड."