मायनं देवाची दृष्ट काढली

आधी हे लिवा, मंग माही कहाणी. सत्त्याऐंशी साली, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, दिवेलागणीच्या टायमाले, आमच्या गावच्या चावडीपुढं सखू मांगीण नावाच्या बाईले तिच्याच लेकाच्या डोक्यावरचा मुकुट तिच्याच हातानं जाळाले लावला. सखू माही माय. लेक म्हंजे मी, गणपत. जाळाले लावनारे अजून त्याच चावडीवर पान खाऊन बसते, अन् त्याइले कोनी एक शब्द विचारला नाई. लिवलं? बरं.

आदिलाबाद जिल्ह्यात, बोथच्या अलीकडं आमचं गाव, कापसाचं, ज्वारीचं, अन् मांगवाडा नाल्याच्या तिकडं. दिवाळीले गावात दंडार होये. दंडार म्हंजे आमचं नाटकच, गाणं, नाच, सोंगं, सारं त्यात. पन कायदा असा, का सोंगं घेनारे गावातले अन् वाजवनारे आमी. बाप ढोलकी वाजवे, बाप मेला अन् ढोलकी माह्या गळ्यात आली, सोळा वर्साचा असीन मी. मंचाच्या खाली एका बाजूले गोणपाट, त्यावर बसाचं. काय सांगू तुमाले, थ्या गोणपाटावर बसून बसून मले राजाचं, रानीचं, देवाचं, चोराचं सारं पाठ झालं. वर कोनी अडखळला का मी वाजवता वाजवता खालून शब्द देवो, टाळ्या त्याले पडत. मले राग नाई ये तवा. मी म्हनो, शब्द तर माहाच पोचला न.

देवाच्या सोंगाची रीत येगळी होती. निर्मल गावच्या कारागिराकडून आनलेला लाकडी मुकुट, हलका, सोनेरी, थो डोक्यावर चढला का मानूस मानूस राहात नाई. आधी पाटलीनबाई ओवाळे, मंग गावातल्या साऱ्या बाया पाया पडत, मंगच दंडार सुरू. म्हून देवाचं सोंग पाटलाच्या घराबाहेर कधी गेलं नाई.

त्या वर्सी देव होनारा पाटलाचा पुतन्या तापानं फणफणला. दंडार बसवनारे बापूराव मास्तर, भला मानूस, पन भित्रा. मले चावडीमांगं नेलं अन् म्हने, गणपत, शब्द तुलेच येते बे, दुसऱ्या कोनाले येत नाई. तोंडभर निळा रंग फास, कोनाच्या बापाले ओळखू येनार नाई. मी म्हन्लं, मास्तर, अन् ढोलकी? म्हने, चुलतभावाले बसव, लोकं देवाकडं पाह्यतीन का ढोलकीकडं? मी हो म्हन्लं. फक्त मायले नाई सांगितलं. तीच माही चुकी. तिले सांगून ठेवलं असतं, तर थे झालंच नसतं.

मुकुट चढला. पाटलीनबाईनं ओवाळलं, वाकून पायाले हात लावले, मांगून साऱ्या बायाइनं लावले. मले कापरं भरलं होतं, पन लोकाइले वाटलं देव अंगात येऊन राह्यला. मंग मी पहिलं गाणं उचललं. खोटं नाई सांगत, असा आवाज माहा आधी लागला नाई, नंतरबी नाई.

माय आमच्या वाड्यातल्या बायाइसंगं दूर लिंबाखाली उभी राहे. आवाज ऐकला अन् तिनं वळखलं. काय झालं तिले कोन जाने, चालत आली सरळ पुढं, मोकळ्या जागेत, हात वर केले अन् कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. म्हने, माह्या लेकराले कोनाची नजर नको लागू.

देवाची दृष्ट कोनी काढते काय? देवाले नजर लागतच नाई. पाटलीनबाईनं मायकडं पाह्यलं, मंग माह्याकडं, मंग सोताच्या हाताकडं पाह्यलं. थेच हात माह्या पायाले लागले होते.

मले कोनी मारलं नाई. मारलं असतं तर बरं झालं असतं. पाटील म्हने, बाटला थो मुकुट, आमी हात नाई लावत. सखे, तूच काढ अन् तूच घाल जाळात. मी खाली उतरलो. माय बुटकी, तिचा हात पुरेना, म्हून मले वाकावं लागलं. सोता वाकून देल्ला मी मुकुट. निर्मलचं लाकूड हलकं, कापसावानी पेटलं. मास्तर खाली मान घालून उभे. दुसऱ्या दिवशी ठान्यात गेलो, त जमादार हासला. म्हने, नाटकातल्या मुकुटाची काय फिर्याद लिवाची?

मी गाव सोडलं. आदिलाबादले आलो, शहराले लागून मावला हाये, तिथं खोली केली, जिनिंगात कापूस ओढला, अन् सांजेले चौकात पोट्ट्याइसंगं नाटकं केली. नव्वद साल उलटल्यावर जंगलातल्या मोठ्या धबधब्याकडं तेलगू सिनेमावाले शूटिंगले आले, त्याइले काळा, धिप्पाड मानूस पाह्यजे होता. मले म्हनत दोंगा, म्हंजे चोर. माहं नाव त्याइनं विचारलंच नाई. पन आमच्या मांगवाड्यातला पडद्यावर दिसलेला पहिला मानूस मी, हे कोनी पुसू शकत नाई.

मायले टाकीजमंदी घेऊन आलो. पडद्यावर मी आलो, तोंड माहं अन् आवाज भलत्याचाच, हिरोनं मले चिखलात लोळवून मारला, लोकं शिट्ट्या मारत होते. माय हळूच म्हने, इथंबी तुले मारतेच काय रे बापू? मंग तिचे हात वर गेले, कानशिलापाशी पोचले, अन् तिथूनच तिनं मांगं घेतले, लुगड्यात लपवले. त्या दिवसापासून मी दुसरं कायबी इसरीन, थे हात नाई इसरनार.

मंग अजून सिनेमे केले, चोरच, हर टायमाले चोरच. माय पोरसाली गेली. शेवटच्या दुखण्यात सारखी म्हने, माह्यापायी तुहं सोंग गेलं रे. मी म्हनो, नाई माय, तुह्यापायी नाई. तिले पटलं नाई. तसंच घेऊन गेली सोबत.

गावानं निर्मलहून नवा मुकुट आनला. यंदा मले निरोप धाडला, गणपत, ढोलकीले ये, तुह्यासारखा हात कोनाचा नाई. मी गेलो नाई.

तुमाले वाचून वाईट वाटन. त्याचं मी काय करू? तुमच्या गावच्या दंडारीच्या सामानाची पेटी कोनाच्या घरी हाये, थे तुमाले माईत हाये. दिवाळीच्या आधी थ्या घरी जा, मुकुट बाहेर काढाले लावा, अन् खाली गोणपाटावर जो वाजवत बसला असन, त्याच्या डोक्यावर सोताच्या हातानं ठेवा. रंग फासू नोका, त्याचं तोंड दिसू द्या. अन् त्याच्या मायले पहिल्या ओळीत बसवा. तिनं बोटं मोडली, त मोडू द्या.