तोंडी सलाम

—नाई नाई भाऊ, बाहेर नका थांबू, आत या, दार लोटून घेते. हो, देवकाबाई मीच. चिठ्ठी पाह्यली मी, अक्षर नानाजीचंच हाय — सिरोंच्याच्या आमच्या वडीलमानसाचं. ‘ह्या भावाले आपला समजा, दोन दिस ठेवा.’ बस, तेवढंच रायते. नानाजी सांगतेत, पयल्या काळातले ख्रिस्ती लोक बी चिठ्ठीबिगर अनोळखी मानसाले घरात घेत नोयते. पन त्यायच्या चिठ्ठीत शेवटी नावं रायत — अमक्याले सलाम, तमकीले सलाम. आमी नावं लिहत नाई. काऊन? भेव, दुसरं काय. तिकडं एका गावात अशीच चिठ्ठी बसमध्ये पडली, गाववाल्यायनं चावडीवर नावं वाचली, अन् प्रार्थनेले जातेत म्हून सहा घरायची जाळी नेली उचलून. तळ्यात पाय टाकाचा नाई म्हने. आता मासे धरनाऱ्या ढिवर मानसाले तळंच बंद केलं त थ्यानं खावं काय? म्हून सलाम तोंडी. चिठ्ठी आननाराच नावं सांगते.

मंग सांगा ना, कोनी कोनी धाडला सलाम? थकले अशीन तुमी. तिकडच्या सोमारीबाईनं त धाडलाच अशीन — तिच्या गुडघ्यासाठी दर आयतवारी प्रार्थना करतो आमी, इथीच, ह्याच खोलीत. मी, सुकलू, बुधरी, रिंकूची माय, अन् आता डोमाभाऊ बी येते — थो तळ्याच्या सोसायटीत हाय, त्याचं कोनाजवळ बोलू नका, पोटावर पाय येईन त्याच्या. परत जासान तवा ह्या सगळ्यायचा सलाम—

चिठ्ठी काऊन उलटून पाहून राह्यले? तिच्यात नावं नाईत.

एक नाव सांगा भाऊ. एकच. नानाजीच्या बायकोचं सांगा, तिच्या हातचं जेवल्याबिगर कोनी निंगत नाई तिथून... नाई येत नाव? मीच बोलली सगळं. जीभ झडो माई — मले लय भेव लागून राह्यलं.

चिठ्ठी त खरी हाय. मंग ही ज्याच्या खिशात होती, थो मानूस कुठी हाय? काई केलं त नाई ना त्याले?

उठा. नाई, जेवाचं नाई आता. चामोर्शीची जीप मोडावर भेटते. — कोन? कोन सुकलू? इथी कोनी सुकलू नाई रायत. मी एकटीच रायते. जा तुमी.