बिनआवाजाचा व्हिडिओ

घशाच्या डॉक्टरांकडे माझ्या शेजारी दोघी बहिणी बसल्या होत्या. धाकटी शाळेत विज्ञान शिकवणारी. तिचा आवाज पार बसला होता, तरी ती कुजबुजत भांडत होती.

"तुला बोलायचं नाही म्हणून सांगितलंय ना?"

"मग तू विचारू नकोस ना, ताई."

"मुख्याध्यापक काय चुकीचं म्हणाले? वर्गातल्या त्या मुक्या व्हिडिओला सगळं समजावून सांगणारा मशीनचा आवाज लावा, एवढंच ना?"

"नाही लावणार."

"अगं, दोन मिनिटांचा तर व्हिडिओ!"

"हो ना. काठोकाठ भरलेल्या पेल्यात बर्फ वितळतो, तरी पाणी सांडत नाही. माझा आवाज बसला म्हणून मुकाच काढला. तर वर्गात पोरंच बोलायला लागली. 'सांडणार!' 'पैज लाव, नाही सांडणार!' नुसता गोंधळ."

"तो गोंधळच नकोय त्यांना."

"मला हवाय! भाषेच्या बाईंनी तोच व्हिडिओ नेला आणि पोरांकडून त्याची बातमी लिहून घेतली. चित्रकलेच्या सरांनी तो पेला काढायला लावला. आता गणितवालेही मागतायत. मशीन पहिल्याच वाक्यात उत्तर सांगून टाकेल. मग पोरांनी काय, नुसत्या माना डोलवायच्या?"

"नोकरीवर बेतेल हं."

"बेतू दे."

"हट्टी आहेस नुसती. बरं, मशीनचा नको. उद्या तुझा आवाज परत आला, तर तो तरी घालशील ना?"

"व्हिडिओत? छे! तो मुख्याध्यापकांसाठी राखून ठेवलाय."