नाक हलकं पाहिजे

बोईसरच्या वजनकाट्यावर हेमाली टेम्पो घेऊन रांगेत ताटकळली होती. पुढं दांडी गावचं एक कोळी जोडपं, नवऱ्याचे म्हातारे बाबा बाजूला उभे. जीपला जोडलेली कॅरव्हान, म्हणजे चाकांवरची खोली, केळव्याच्या किनाऱ्यावरच्या पाहुण्यांसाठी घेतलेली; काट्यावर तेवढीच उभी.

“अकराशे ऐंशी किलो! आपली जीप बाराशे ओढते. बसलं का नाय?” नवरा म्हणाला.

“मंग वाटभर डुलत का होती?”

“होडीसारखीच भरलीय. पाणी, गॅस, बर्फ सगळं मागं. नाक हलकं पाहिजे.”

“अवो, ही होडी नाय! नाकाचा भार जीपवर आला नाय तर शेपूट नाचणारच. आनी बाबांना खाली का उतरवलं?”

“काटा जादा दाखवेल म्हणून.”

“आता बसवणार कुठं त्यांना?”

“आले तसंच. मागं, पाण्याच्या टाकीवर.”