जरा मऊ बघ

—नाही नाही, तो डबा खाली ठेवा. दिसतो छान, चकचकीत, पण तो आपल्यासारख्यांच्या नवऱ्यांसाठी नाही. हसू नका, खरंच सांगते. दुकानवाले कानिफभाऊ समोर चहाला गेलेत, येतील इतक्यात — मी पण त्यांचीच वाट बघतेय, मुलीला बॅडमिंटनचे शटल घ्यायचेत — तोवर मी सांगते ना. गोल्फचा बॉल म्हणजे माझा पाठच झालाय. मिस्टर नवीनच जायला लागलेत ना? बँकेतल्या लोकांबरोबर? वाटलंच. हे बघा, हा महागाचा जो आहे त्याचं वरचं साल मऊ, पातळ, आत तीन-तीन थर. ज्याला मारता येतं त्याला ठीक — पडला की जागेवर थांबतो म्हणे. नवशिक्याचा कुठं थांबतोय? तो जातो थेट बाभळीत. आणि आपल्या नगरची जमीन म्हणजे मुरूम नि दगड, दोन फटक्यांत साल निघतं. तुम्ही हा घ्या, दोन थरांचा. आत रबराचा गोळा, वर टणक कव्हर, झालं. सरळ जातो, लांब जातो आणि हरवला तरी जीव हळहळत नाही. पांढरा नको, हा झगझगीत पिवळा घ्या — दिवाळीनंतर गवत वाळून पांढरं पडतं, त्यात पांढरा बॉल म्हणजे शोधतच बसा. आणि ते खालच्या टोपलीतले तर अजिबात नको. जुने असतात ते, धुऊन वरून रंग मारलेले. वरून कळतच नाही हो, आत काय झालंय.

मी? छे, मी कधी काठी हातात धरली नाही. व्हिडिओ बघून शिकले. आमचे हे — हनुमंत — एमआयडीसीत कंपनीत आहेत. साहेबांनी काठ्यांचा जुना सेट दिला, म्हणाले दर रविवारी कॅम्पाकडच्या मैदानावर येत जा. मला आनंदच झाला. घरात नुसते गप्प बसायचे, टीव्हीसमोर. म्हटलं जाऊ दे, चार लोकांत मिसळतील. पहाटे उठून थर्मास भरून द्यायचे मी. आल्यावर मी विचारायचे, कसं झालं? तर हे म्हणायचे, दोन हरवले गं झाडीत. कधी तीन. मग मी नवे आणून ठेवायचे. दुसऱ्या बायका नवऱ्याला शर्ट घेतात, मी बॉल घ्यायचे. एकदा म्हणाले, "आरती, हा जरा टोचतो, जरा मऊ बघ ना." मी म्हटलं टोचतो म्हणजे? तर गडबडले, म्हणाले, "अगं हाताला, मारताना दणका बसतो." तेव्हा मी आठवडाभर शोधत होते — हळू मारणाऱ्यांसाठी आतून मऊ गोळ्याचा मिळतो, हा बघा, हाच. पुण्याहून मागवून द्यायला लावला कानिफभाऊंना. आणि प्रत्येक बॉलवर माझ्या मरून नेलपॉलिशचे दोन ठिपके. तिथं दुसऱ्याच्या बॉलमध्ये मिसळू नये म्हणून खूण करतात ना, तशी. कुंकवासारखे दोन ठिपके. हे ते ठिपके बघून हसायचे. आता कळतं, का हसायचे.

येताना भाजी आणायचे हो! मेथी, कोवळी वांगी, पानाला माती लागलेली. म्हणायचे रस्त्यावर शेतकरी बसले होते. मी ती निवडली, केली, वर म्हटलं — आपल्या सावेडीत अशी मेथी मिळत नाही. म्हटलं की नाही! कुणाच्या वाफ्यातली होती? माझ्या सासूच्या.

तर झालं काय, माझ्या जावेनं मोबाईलवर स्टेटस ठेवलं. आम्ही बोलत नाही, पण नंबर आहे. नेवाशाकडं असतात ते, दीर-जाऊ, शेती बघतात, सासूबाई त्यांच्याकडंच — आत्या म्हणतो आम्ही सासूला. चांगुणाबाई. फोटोत आत्या अंगणात खुर्चीवर बसलेल्या, आणि उजव्या टाचेखाली पिवळा बॉल. टाच दुखते त्यांची, डॉक्टरांनी सांगितलं असेल पाय फिरवायला. मी तो फोटो मोठा केला, अजून मोठा केला — मरून दोन ठिपके.

तुम्हाला काय वाटेल? मलाही आधी काहीच वाटेना. म्हटलं असेल योगायोग. जगात पिवळे बॉल काय कमी आहेत? पण पुढच्या रविवारी हे काठ्यांची बॅग घेऊन निघाले, मुलगी सृष्टी निघाली क्लासला, आणि मी निघाले नेवाशाच्या एसटीत. फाट्यावरून रिक्षा केली. घराकडं सरळ गेले नाही. गोठ्याच्या बाजूनं गेले, चोरासारखी — मी, त्या घरची थोरली सून!

काठ्यांची बॅग गाडीतच होती, लिंबाखाली. हे खाली पोत्यावर बसलेले, आईचा पाय मांडीवर घेऊन नखं काढत होते. आणि सृष्टी — माझी मुलगी, क्लासला गेलेली — आजीच्या वेण्या घालत होती. दोघंही हसत होती. घरी ह्यांचं असं हसणं मी कधी ऐकलं, आठवत नाही मला. मी पाऊल उचललंच होतं पुढं, सगळ्यांसमोर चांगलं झाडून काढणार होते — तेवढ्यात आत्या बोलल्या. म्हणाल्या, "आरतीला सांग बरं का हनुमा, ही मऊवाली गोटी लई ग्वाड हाय. टाच पार हलकी झाली. किती जीव लावती रं पोरगी, मी उगं तिच्यावर रुसून बसले." आणि हे म्हणाले, "सांगतो आई. तीच शोधून आणती, बाजार पालथा घालती तुझ्यासाठी."

पाणी आहे का हो तुमच्याकडं? द्या जरा.

खोटं म्हणू तर शब्द न् शब्द खरा. बाजार पालथा घातलाच होता ना मी! पण तुझ्यासाठी म्हणे! म्हणजे मला खोटं आणि तिलाही खोटं. माझ्या नावानं माया करून मोकळे झाले, मला न विचारता. एखादी बाई असती ना ह्यांच्या आयुष्यात, तर मला भांडता तरी आलं असतं. ह्याला काय म्हणायचं? मी आले तशीच परत फिरले. जेवणाआधी हे आले, सोबत मेथी. म्हणाले, आज एक हरवला, सातव्या होलला. आणि मी मेथी निवडायला घेतली.

विश्वासघातच आहे हा, दुसरं काय. शपथ घेतली होती ह्यांनी. साधी नाही, सृष्टीच्या डोक्यावर हात ठेवून — आई माफी मागेपर्यंत त्या घराचा उंबरठा ओलांडणार नाही म्हणून. कशाबद्दल माफी? अहो, त्या आमच्याकडं राहत होत्या तेव्हा. स्वतःहूनच गेल्या म्हणा त्या. म्हणजे — वाद झाला होता. माझी भिशी होती घरी, सगळ्या चांगल्या घरच्या बायका, आणि ह्या बोटाला मिश्री लावून हॉलमध्ये आल्या, सोफ्यावर मांडी घालून बसल्या आणि सांगायला लागल्या — आमची आरती लग्नात इतकी काटकुळी हुती की मी म्हणलं ही पोरगी घागर कशी उचलील. सगळ्या हसल्या. मी नाही हसले. बायका गेल्यावर मी फक्त एवढंच म्हटलं की ह्या घरात एक तर मी राहीन नाहीतर त्या. रागात म्हणतो ना आपण? त्यांनी बॅग भरली. म्हणजे... साड्यांच्या घड्या मी घालून दिल्या. रिक्षा मी बोलावली. पण जा असं मी तोंडानं म्हटलेलं नाही. आणि टाच तेव्हा एवढी काही दुखत नव्हती त्यांची, उगाच सांगतात लोक.

परवा जेवताना मला राहवलं नाही. हे नेहमीसारखं सांगायला लागले, ह्या रविवारी स्पर्धा आहे, अमुक आहे. मी म्हटलं, "सातवं होल कुठंय हो? आत्यांच्या टाचेखाली का?" ह्यांनी हातातला घास ताटात ठेवला. मला वाटलं आता रडतील, पाया पडतील, काहीतरी करतील. तर सृष्टी बोलली. अकरावीतली पोर! "आई, पप्पांनी तुला विचारलं असतं तर तू जाऊ दिलं असतंस?" म्हटलं तू मधे बोलू नकोस, तू तर क्लासच्या नावाखाली जातेस. मग हे उठले, हात धुतला, आणि इतक्या हळू बोलले — "शपथ मोडली मी, आरती. पण तिथं तुझं नाव चांगलं ठेवलं. आता लपवणार नाही. रविवारी मी आईकडं जाणार, सांगून जाणार. तुला यायचं असेल तर गाडीत जागा आहे."

आणि गेले. आज सकाळी. काठ्यांची बॅग गॅलरीत उभी करून, साध्या चपला घालून गेले. सृष्टी पण गेली. दारात थांबले होते दोघं — बराच वेळ थांबले होते. खाली हॉर्न वाजवला एकदा. मी बाथरूममधला नळ सोडला, ऐकू येऊ नये म्हणून. मग घरात बसवेना. म्हटलं शटल तरी आणावेत.

काय म्हणालात?

का नाही गेले म्हणजे? तुम्ही कोण मला विचारणार? बॉल घ्यायला आलात ना? मग बॉल घ्या. हे आले बघा कानिफभाऊ — भाऊ, ह्यांना पिवळे द्या दोन थरांचे, आणि आधी ह्यांचं करा. जाऊ द्या त्यांना. मला काही घाई नाही.